‘दिनविशेष’मध्ये दार फळण्याचा सणही छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीत मराठी ज्यूंवर आलेला लेख मी दोनदा वाचला. एकदा चहासोबत आणि एकदा लाल पेन हातात घेऊन. चौतीस वर्षं शाळेत पेपर तपासले, ती खोड आता जायची नाही. लेखकानं मेहनत घेतली आहे, छायाचित्रंही चांगली आहेत. पण मथळा ‘दोन हजार वर्षांचे पाहुणे’! त्यातल्या ‘पाहुणे’ शब्दाखाली मी रेघ मारली आणि तिथंच अडून बसले.

आमच्या खान्देशात पाहुण्याचं सगळं ठरलेलं असतं. शेवभाजी कितीही जहाल झाली तरी पाहुणा डोळे पुसत ‘छान आहे’ म्हणतो, तिसऱ्या दिवशी पिशवी उचलतो आणि नळावर त्याच्याशी कुणी भांडत नाही. माझी आई आणि शेजारच्या इस्राएल मावशी नळावर आठवड्यातून दोनदा तरी भांडत. हंडा आधी कुणाचा लागला, यावरून. तेव्हा त्या पाहुण्या होत्या हे मला तरी पटायचं नाही.

मी भुसावळची. जन्म १९५४चा, रेल्वे क्वार्टरमधला. वडील गार्डांच्या ड्युट्या लावणाऱ्या हापिसात बाबू होते. आमच्या ओळीत आठ घरं. आम्ही लेवा पाटील. डावीकडे इस्राएल, म्हणजे गार्डसाहेब, मावशी आणि त्यांची तीन मुलं. उजवीकडे शेडमधले फिटरचाचा, त्यांचं सगळं गणगोत जाम मोहल्ल्यात. पुढे एक अँग्लो-इंडियन आंटी, तिच्या घरी पियानो होता आणि त्यावर कायम कोंबडी बसलेली असायची. मग तेलुगू कुटुंब, मग एक सिंधी, मग आणखी दोन घरं, ती सारखी बदलत. मावशींचं खरं नाव मी इथं लिहीत नाही. त्यांची नातवंडं आहेत, आणि मी त्यांना विचारलेलं नाही.

त्यांना ‘ज्यू’ म्हणतात हे मला हायस्कूलला गेल्यावर कळलं. आमच्या ओळीत सगळे ‘इस्राएल’च म्हणत. त्यांचं आडनाव अलिबागकडच्या एका गावावरून पडलेलं, पुढे ‘कर’ लावून. बेने इस्राएलांची, म्हणजे या कोकणातल्या मराठी ज्यूंची, आडनावं अशीच असतात: दिवेकर, किहीमकर, रोहेकर, अष्टमकर, झिराडकर. मावशींची मराठी कोकणातली, आमची खान्देशी. आई ‘काय वो माय’ म्हणाली की त्या हसत आणि त्या ‘गो’ म्हणाल्या की आई. एकमेकींना त्या ‘पाटीलबाई’ आणि ‘इस्राएलबाई’ म्हणत. भांडण झालं की ‘बाई’ गळून पडायचं.

लेखात आणखी एक घोटाळा आहे, तो आधी निस्तरते. ज्यू व्यापारासाठी इंग्रजांच्या काळात मुंबईत आले, असं वाक्य त्यात आहे. ते बगदादी ज्यूंना लागू पडतं. डेव्हिड ससून बगदादहून १८३२च्या सुमारास मुंबईत आले; ससून डॉक, पुण्याचं ससून रुग्णालय, कॅम्पातलं लाल देऊळ ही सगळी त्या घराण्याची. बेने इस्राएल त्याच्या कितीतरी आधीचे. नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटलं, सात पुरुष आणि सात बायका वाचल्या आणि त्यांच्यापासून आपण झालो, अशी त्यांची परंपरा सांगते. कोकणात ते तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून लोक त्यांना शनवार तेली म्हणत. मुंबईत त्यांचं पहिलं प्रार्थनास्थळ १७९६ साली सॅम्युअल इझिकिएल दिवेकर यांनी बांधलं. ते मराठीत सामाजी हसाजी. आसपासचे लोक त्या प्रार्थनास्थळाला मशीदच म्हणत, आणि मस्जिद बंदर स्टेशनाचं नाव त्यावरून पडलं असं सांगतात. गार्डसाहेबांना या गोष्टीची भारी गंमत वाटे. “ज्यूंनी बांधलेली मशीद, हिंदू उतरतात, मुसलमान तिकीट तपासतो,” असं ते फिटरचाचांना सांगायचे. चाचा म्हणायचे, “और लेट होती है तो सब मिल के गाली देते हैं।”

आता वडिलांच्या लिंकबद्दल. रेल्वेत ड्युटीच्या तक्त्याला लिंक म्हणतात. गार्डांच्या साप्ताहिक रेस्टचा दिवस त्यात बसवायचा असतो. वडिलांच्या यादीत एका गार्डाला शुक्रवारी दुपारी नमाजला मोकळीक हवी असायची, आमच्या गार्डसाहेबांना शनिवार आणि दोन अँग्लो-इंडियन गार्डांना रविवारची सकाळ. बाकीच्यांचं काही म्हणणं नसे, पण कुणाला पंढरपूर, कुणाला आखाजी, कुणाला कानबाई. वडील तांबड्या-निळ्या पेन्सिलीनं रात्री घरी बसून तो कागद भरायचे. बहुतेक शनिवार जमून जात. जमलं नाही तर गार्डसाहेब गाडी घेऊन जात, आणि त्याबद्दल ते माझ्या वडिलांशी रविवारी एक अक्षर बोलत नसत. सोमवारी पुन्हा सुरू. वडील म्हणायचे, “हा माणूस देवावर चिडू शकत नाही, म्हणून माझ्यावर चिडतो.” एकदा वडिलांनी चुकून सलग तीन शनिवार त्यांना मालगाडीवर टाकलं. ती खरंच चूकच होती, पेन्सिलीचा रंग उलटा झालेला. मावशींनी त्या महिन्यात आमच्याकडे एकही वाटी पाठवली नाही.

वाटी म्हणजे काय, ते सांगायला हवं. शुक्रवारी दिवस बुडायच्या आत मावशी दिवा लावत. त्या दिवशी काळ्या मनुका सकाळपासून भिजत घातलेल्या असायच्या. त्या कुस्करून, गाळून जे सरबत होई, त्यावर गार्डसाहेब इब्रू भाषेत आशीर्वाद म्हणत. द्राक्षाचा रस हवा असतो, आणि तो कुठून मिळायचा, म्हणून कोकणातल्या त्यांच्या पूर्वजांनी मनुकांवर काम भागवलं. उरलेलं सरबत आम्हा मुलांना वाटीतून मिळायचं. शनिवारी त्यांच्या घरात चूल पेटत नसे. हिवाळ्यात फार गार पडलं तर आई न विचारता आमच्या चुलीवरचा गरम पाण्याचा हंडा त्यांच्या मोरीत ठेवून यायची. आदल्या दिवशी त्याच हंड्यावरून भांडलेली असली तरी.

खाण्याचे नियम ओळीतल्या सगळ्यांना पाठ होते. तापीवरून मासे घेऊन येणारी भोईण मावशींना मागूर कधी दाखवत नसे. खवले नसलेला मासा त्यांना चालत नाही, हे तिला ठाऊक होतं. मटणाच्या जेवणात दूध-दही-तूप त्या येऊ देत नसत, रश्श्याला नारळाचं दूध. भुसावळात तेव्हा नारळ महाग आणि पुष्कळदा खवट. गार्डसाहेब कल्याणकडून येताना पिशवीत घालून आणत. आमच्या घरचं मटण त्यांनी कधी खाल्लं नाही आणि त्याबद्दल कुणाला वाईट वाटलं नाही. वांग्याचं भरीत मात्र कळण्याच्या भाकरीबरोबर हक्कानं मागून घेत. ते पाठवायला उशीर झाला तर मुलगा ताटली घेऊन दारात उभा.

सगळ्यात मजा पेसाह या त्यांच्या सणाची. मराठी बायबलात त्याला वल्हांडण म्हटलं आहे. मावशींच्या सासूबाई एकदा अलिबागहून आल्या होत्या, त्या मात्र ‘अनशी ढाकाचा सण’ म्हणत. अनस म्हणजे आंबट रसाचं मातीचं मडकं. या आठ दिवसांत आंबवलेलं काही घरात चालत नाही, म्हणून ते मडकं झाकून ठेवायचं. त्याआधी घर पांढरं होई आणि जाम मोहल्ल्यातला कल्हईवाला दारात भाता मांडून बसे. त्यांची भांडी झाली की आईही आमची दोन पातेली पुढे सरकवून द्यायची.

मग बेखमीर, म्हणजे न आंबवलेल्या पिठाची भाकरी. गव्हाच्या पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकरी भाजून निघाली पाहिजे, नाहीतर पीठ फुगायला लागलं असं धरतात. कोकणात, थंड ओट्यावर, हे जमत असेल. भुसावळात एप्रिलमध्ये दुपारी बेचाळीस-त्रेचाळीसची उष्णता, पिठाचं काय सांगता! मावशी पहाटे चारला उठत. गार्डसाहेब पाटावर बसत आणि रेल्वेनं दिलेलं खिशातलं घड्याळ तळहातावर धरत. “सहा मिनिटं... नऊ... अगं लाट.” भुसावळ ते इगतपुरी गाडी वेळेवर नेणारं घड्याळ ते, भाकरीसाठी थांबलेलं. एकदा आईनं लाटायला हात लावू का विचारलं. मावशी म्हणाल्या, लावा, पण तुमच्या मांड्यांसारखं लाड करत बसू नका. आईला ते लागलं. खापरावरचे मांडे करणाऱ्या बाईला असं बोलायचं नसतं. पण त्या वर्षी भाकऱ्या तेरा मिनिटांत झाल्या, हे गार्डसाहेबांनी वडिलांना दोनदा सांगितलं.

पुढे कॉलेजात असताना मी एका जुन्या हग्गादाचं चित्र पाहिलं. हग्गादा म्हणजे पेसाहच्या रात्री वाचायची पोथी. मराठीत ती १८४६ साली मुंबईत छापली गेली होती आणि १८७४ साली पुण्यात. पुण्याच्या प्रतीत लुगडी नेसलेल्या बायका जमिनीवर बसून बेखमीर भाकऱ्या करताहेत. घड्याळ धरलेला गार्ड तेवढा नव्हता.

आषाढ-श्रावणात बिरड्याचा सण यायचा. जेरुसलेमचं मंदिर पडलं त्या दिवसाचा उपास, आणि तो सोडायला केळीच्या पानावर वालाचं बिरडं. वाल खान्देशात कोण पेरतं? रेल्वेच्या पासवर पनवेलहून यायचे. मावशी भिजवायच्या, मोड आणायच्या आणि मग सोलायला आम्ही सगळ्या पोरी. एक एक वाल बोटांत धरून साल काढताना आमची नखं काळी व्हायची. केळीची पानं मात्र फुकट. रावेर-यावलच्या बागा जवळ असताना पानाला पैसे कोण देणार? गार्डसाहेबांच्या थोरल्याला नोकरी लागली तेव्हा त्यांनी एलियाहू हन्नाबी या त्यांच्या प्रेषिताच्या नावानं मलिदा केला. ओल्या खोबऱ्यात आणि साखरेत कालवलेले पोहे, वरून फळं. त्यात केळीच केळी. फिटरचाची म्हणाल्या, हे आमच्या दर्ग्यावरच्या मलिद्यासारखं. आई म्हणाली, सत्यनारायणाच्या प्रसादासारखं. मावशींनी दोघींना वाढलं आणि कुणाचंच खोडलं नाही.

आता मुद्द्यावर येते. मी नऊ-दहा वर्षांची असेन. दसऱ्याची संध्याकाळ. आम्ही पोरं आपट्याची पानं घेऊन ओळीत फिरत होतो. फिटरचाचांनी सोनं घेऊन डोक्यावर हात ठेवला, आंटीनं बिस्किटं दिली. इस्राएलांचं दार बंद. भर दिवाळीच्या तोंडावर त्या ओळीत कुणाचं दार बंद असतं का? मी कडी वाजवली. जोरात वाजवली. “मावशीऽ, सोनं!” आतून आवाज नाही. तेवढ्यात आईनं मागून माझी वेणी धरली आणि घरी ओढत नेलं. “आज त्यांचं दार फळायचा सण आहे. कालच्या संध्याकाळपासून घोटभर पाणी नाही घेतलं बाईनं, आणि तू दार बडवते!”

तो योम किप्पूर. बेने इस्राएलांच्या जुन्या बोलीत त्याला दार फळण्याचा सण म्हणतात. फळी लावून दार बंद करायचं, पंचवीस तास उपास, पांढरे कपडे, वर्षभराच्या चुकांची माफी. प्रार्थना दहा पुरुषांच्या मेळ्यात व्हायला हवी. भुसावळात दहा कुठले? मुंबई-ठाण्याला साडेचारशे किलोमीटर जाणं दरवर्षी जमत नसे. मग गार्डसाहेब घरातच एकटे पुटपुटत बसत. आईनं सोनं त्यांच्या उंबऱ्यावर ठेवलं आणि रेडिओ बंद करायला सांगायला ओळीत फिरली. दुसऱ्या दिवशी त्यांचा शिळा सण असतो. दानधर्म करायचा, एकमेकांकडे जायचं. मावशी सकाळीच आल्या, माझ्या हातात करंजी ठेवली आणि म्हणाल्या, “काल तू फार जोरात माफी मागायला आलीस गो.”

हे सगळं मी सांगते आहे त्याला कारण आहे. माझी मुलगी ठाण्याला असते, टेंभी नाक्यापासून चालत दहा मिनिटांवर. टेंभी नाक्याची देवी सगळ्यांना माहीत आहे. तिथंच जवळ ज्यूंचं शार हाशामाईम हे प्रार्थनास्थळ १८७९ सालापासून उभं आहे, हे पुष्कळांना माहीत नसतं. मुलीच्या मजल्यावर एक वृद्ध बेने इस्राएल बाई एकट्या राहतात. २०२४च्या दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, मुलीचा दुपारी फोन आला. आवाज घाबरा. “आई, समोरच्या आजी दार उघडत नाहीत. बेल वाजवली, फोन केला, तोही बंद. पेपर दाराशी पडलाय. वॉचमन म्हणतो दार तोडूया.” मी विचारलं, काल संध्याकाळी पांढऱ्या साडीत दिसल्या होत्या का? म्हणाली, हो, कशावरून? मी म्हटलं, थांब, कुणाला बोलावू नकोस, पण दाराला कान लाव. तिनं कान लावला. आतून हळू आवाजात काहीतरी म्हणल्याचं ऐकू येत होतं. संध्याकाळी चांदण्या दिसल्यावर आजींनी दार उघडलं आणि दाराशी ठेवलेली आपट्याची पानं उचलली. मुलीनं त्यांना खरं सांगितलं की आम्ही दार तोडणार होतो. त्या म्हणाल्या, मग वर्षाचं एक पाप तुझ्या नावावर वाढलं असतं.

माझ्या मुलीची चूक नाही. तिला कोण सांगणार? ती भुसावळच्या ओळीत वाढली नाही. आणि आपलं वर्तमानपत्र ठाण्यातही ती ऑनलाइन वाचते, रोज सकाळी. त्यात ‘दिनविशेष’ असतं. संकष्टी कधी, एकादशी कुठली, रमजानमध्ये सहेरी-इफ्तारच्या वेळा, पारशी नववर्ष, महावीर जयंती, नाताळ, बुद्धपौर्णिमा. त्यात दार फळण्याचा सण एकदा तरी छापला असता, तर वॉचमननं दाराला खांदा लावायची गोष्ट काढली नसती.

पंचांगकर्त्यांना हे अवघड नाही. त्यांचं कॅलेंडर आपल्यासारखंच चंद्राचं, आणि सूर्याशी मेळ घालायला आपल्यासारखाच जादा महिना घेणारं. एकोणीस वर्षांत सात जादा महिने; आपल्या अधिक मासाचा हिशेबही जवळपास तोच. म्हणून दोन्हीकडचे सण हातात हात घालून चालतात. पुरीमला त्यांच्यातले जुने लोक होळीचा सण म्हणत, कारण तो फाल्गुन पौर्णिमेच्या आसपास येतो, आणि त्या दिवशी त्यांच्याकडे पुरणपोळीही होते. त्यांचं नवं वर्ष, म्हणजे नव्याचा सण, बहुतेकदा घटस्थापनेच्या आगेमागे. त्याला गव्हाच्या चिकाचा हलवा. दार फळण्याचा सण दसऱ्याशी, आणि सुक्कोथ कोजागरीशी. २०२४मध्ये १२ ऑक्टोबरला दोन्ही एकाच दिवशी होते. २०२५मध्ये २ ऑक्टोबरला पुन्हा तसंच, शिवाय गांधी जयंती. २०२३मध्ये आपला अधिक श्रावण आला आणि आपण महिनाभर मागे पडलो. त्यांचा उपास २५ सप्टेंबरला, आपला दसरा २४ ऑक्टोबरला. गणिताच्या शिक्षकाला हे फळ्यावर मांडायला अर्धा तास पुरेल. मी मराठीची, मला एक तास लागला.

‘खान्देशात आता ज्यू किती?’ असं आपण विचाराल. २०११च्या जनगणनेत सगळ्या भारतात साडेचार हजारांच्या आसपास, त्यातले निम्म्याहून थोडे जास्त महाराष्ट्रात. स्वातंत्र्याच्या वेळी बेने इस्राएलच वीस हजारांच्या घरात होते. महाराष्ट्र सरकारनं २०१६ साली त्यांना अल्पसंख्याकांचा दर्जा दिला, तेव्हा उरलेच मूठभर होते. पण मोजणीवरच छापायचं ठरवलं, तर पारशी नववर्षही वगळावं लागेल. मुंबईचे १९३७ सालचे महापौर डॉ. ई. मोझेस हे बेने इस्राएल होते. त्यांच्या नावाचा रस्ता महालक्ष्मीला आहे, आमची पोरं तिथं नोकरीला जातात. १९०५ साली मॅट्रिकला मुंबई इलाख्यात पहिली आलेली मुलगी रेबेका रूबेन, तीही त्यांचीच. माझगावची त्यांची इस्राएली शाळा हाईम सॅम्युअल किहीमकरांनी १८७५ साली काढली, रेबेका रूबेन पुढे तिथंच मुख्याध्यापिका होत्या. आज त्या शाळेत शिकणारी बहुतेक मुलं ज्यू नाहीत. शाळा चालू आहे.

आपल्या लेखात ‘मायभूमीच्या ओढीनं ते परतले’ असंही एक वाक्य आहे. ओढ होती, खोटं नाही. पण १९६४ साली गार्डसाहेब नळावर उभे राहून पेपर वाचत होते ते मला आठवतं. इस्राएलच्या धर्मपीठानं दोन वर्षांपूर्वी फर्मान काढलं होतं: बेने इस्राएलांशी लग्न लावायचं तर आधी त्यांच्या पिढ्यान्‌पिढ्यांची चौकशी करा, अस्सल ज्यू आहेत की नाहीत बघा. तिथं गेलेल्यांनी निदर्शनं केली. अखेर त्या वर्षी ऑगस्टात इस्राएलच्या संसदेनं ठराव केला की ते सर्वार्थानं ज्यू आहेत, आणि धर्मपीठाला माघार घ्यावी लागली. गार्डसाहेब तेव्हा रागानं थरथरत होते. “दोन हजार वर्षं शनिवारी घाणा बंद ठेवला, आणि आता सर्टिफिकेट मागतात.” आई हंडा उचलत म्हणाली, “मग राहा ना इथंच, कोण सर्टिफिकेट मागतंय?” त्या दिवशी तिनं मावशींचा हंडा आधी लागू दिला.

१९७४च्या मे महिन्यातला रेल्वे संप वीस दिवस चालला. पगार बंद, क्वार्टर खाली करायच्या धमक्या, पोलीस ओळीत फिरताहेत. वडील आणि गार्डसाहेब दोघेही संपात. गार्डसाहेबांना आठ दिवस फिटरचाचांच्या भावाकडे जाम मोहल्ल्यात लपवलं होतं. इस्राएलचा माणूस मोहल्ल्यात कोण शोधणार! पिठाचा डबा आमच्या तिन्ही घरांत एकच होता.

निवृत्तीनंतर त्यांनी घर हलवलं. मुलं आधीच गेली होती. मावशींनी दाराच्या उजव्या चौकटीवरची मेझुझा काढली. छोटी लांबट डबी, आत तोरा या त्यांच्या धर्मग्रंथातल्या वचनांची चर्मपत्राची गुंडाळी, तिरकी ठोकलेली. चौकटीत दोन खिळ्यांची भोकं राहिली. पुढचे भाडेकरू दर दिवाळीला रंग देत आणि भोकं दर पावसाळ्यात पुन्हा दिसत. इस्राएलमधल्या बीरशेबाहून मावशींचं पत्र यायचं, मराठीत, मोठ्या अक्षरात. तिथं वाळवंट आहे पण भुसावळपेक्षा ऊन कमी, वांगी मोठी पण भरीत होत नाही, भाकरीला घड्याळ लागत नाही कारण ती दुकानात मिळते. इस्राएलमध्ये ‘मायबोली’ नावाचं मराठी नियतकालिक निघतं. त्याचे दोन अंक त्यांनी आईला पाठवले होते. आईनं ते कुठं ठेवले, ते तिच्या पश्चात सापडले नाहीत.

अलीकडे माझ्या भाचीला एका शहरात भाड्यानं घर घ्यायचं होतं. गाव आणि सोसायटी लिहीत नाही. सोसायटीनं छापील फॉर्म दिला. नाव, नोकरी, मूळ गाव, धर्म, जात, आहार. खाली बारीक अक्षरात, ‘समितीची मान्यता बंधनकारक’. भाचीनं विचारलं, मावशी, ‘आहार’मध्ये काय लिहू? मला भोईण आठवली. कुणाला मागूर दाखवायची नाही हे तिनं कुठल्याही फॉर्मवर लिहून घेतलं नव्हतं. मी म्हटलं, लिही, भरीत. तिनं तसंच लिहिलं. घर मिळालं नाही.

तेव्हा माझी विनंती एवढीच. पुढच्या वेळी ‘पाहुणे’ असा मथळा देऊ नका. आणि ‘दिनविशेष’मध्ये त्यांचे सण त्यांच्या मराठी नावांनी छापा, कंसात इब्रू नाव दिलंत तरी चालेल. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे दार फळण्याचा सण दसऱ्याला न येता गणपतीत येतो. आपल्या उपसंपादकांना सोपं जावं म्हणून मजकूर तयार करून देते:

‘सोमवार, २१ सप्टेंबर २०२६. दार फळण्याचा सण (योम किप्पूर). उपास रविवारी सूर्यास्तापासून सोमवारी चांदण्या दिसेपर्यंत. शेजारी ज्यू कुटुंब असल्यास बेल वाजवू नये. मंडपाचा कर्णा त्या दिवशी दुसरीकडे वळवावा. मंगळवारी शिळा सण, तेव्हा जावे.’

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, भुसावळ
(नाव छापू नये, ही विनंती.)